बट नंबर सदतीस

निशिकांत बेहेरेची रायफल दोन देशांत राहत होती. लाकूड सिंगापूरला, बुकित बातोकमधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटामागे. धातू रत्नागिरीला, त्याचा कॉलेजातला मित्र सुबोध शेट्ये याच्या ट्रंकेत, जुन्या सुती साडीत गुंडाळलेला. दोघांची गाठ अजून पडायची होती. "स्थळ चांगलं आहे, फोटोवरून पसंती झालीये, मापंही जुळलीयेत," असं निशिकांतची बायको उत्कर्षा घरी येणाऱ्यांना सांगे. "फक्त मुहूर्त निघत नाही." हे ती नऊ वर्षं सांगत होती.

ही रायफल खरी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिच्यातून वाटाणासुद्धा उडाला नसता. नळीच्या जागी भरीव सळई, गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टच्या पोटात काहीच नाही. पण दिसायला ती हुबेहूब थ्री-नॉट-थ्री व्हायला हवी होती, सत्याऐंशी साली एनसीसीच्या परेडला निशिकांतच्या खांद्यावर असायची तशी: जुन्या घाटाची, जड, बुडाला पितळी पट्टी असलेली. तिचा प्रत्येक भाग म्हणजे मूळ भागाची प्रामाणिक नक्कल असायला हवी होती. यात निशिकांत तडजोड करत नसे. तडजोड तो दिवसभर ऑफिसात करत असे.

ऑफिसातलं त्याचं काम म्हणजे म्हाताऱ्या जहाजांना सुटे भाग मिळवून देणं. बारा वर्षं तो स्वतः बोटीवर इंजिनीअर होता; गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिल्यावर किनाऱ्यावर आला. एखाद्या पंपाची कंपनी नॉर्वेत कधीच बंद पडलेली असे, पण तस्साच पंप कोरियात किंवा लुधियानात कुणीतरी करत असे, आणि तो 'कुणीतरी' निशिकांतला ठाऊक असे. हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांना तो पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवी. ड्रॉइंग उघडलं की आधी उजवीकडचा खालचा कोपरा बघायचा. तिथे एक छोटासा कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळं काढलेली असतात. ड्रॉइंग काढायच्या जगात दोन पद्धती आहेत. एकीत कागदाच्या वरच्या बाजूचं चित्र वरून पाहिलेलं असतं, दुसरीत तेच खालून पाहिलेलं. कुठली पद्धत आहे ते कोपऱ्यातली ती एवढीशी खूण सांगते. चुकीची वाचलीत की उजव्याचं डावं होतं, आणि मग बंदरात तीन दिवस जहाज उभं राहतं. हे तो वीस वर्षं सांगत आला होता. मुलं त्याच्या माघारी त्याला 'मिस्टर कॉर्नर' म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

आता या माणसाला रायफल कशाला हवी होती, तर परत करायला.

सत्याऐंशीच्या डिसेंबरात कुडाळजवळ एनसीसीचा कॅम्प होता. निशिकांतच्या रायफलीचा बट नंबर सदतीस. बट म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता. त्याच्या पोटात एक खोबण असते, खोबणीला पितळी झाकण, आणि आत करंगळीएवढी पितळी तेलाची बाटली. एका दुपारी भात कापलेल्या शेतातून रांगत जाताना निशिकांतच्या रायफलीचं झाकण उघडं राहिलं. संध्याकाळी शस्त्रं जमा करताना बाटली नव्हती. बेचाळीस पोरं एका रांगेत वाकून ते शेत तुडवत राहिली, आणि तिकडे पलीकडच्या मैदानावर नेमबाजीच्या संघाची निवड उरकून गेली. सुबोध शेट्ये हा त्या तुकडीतला सगळ्यात चांगला नेमबाज. तो त्या वेळी भाताच्या सडात बोटं घालून बाटली शोधत होता. पण सुबोधनं ते मनाला लावून घेतलं नाही. वर्षातून एकदा आठवण करून देई, एवढंच.

शिक्षा झाली असती तर निशिकांत कदाचित विसरून गेला असता. पण त्यांचे उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे हवालदार रघुवीर सावंत, एकदाही ओरडले नाहीत. त्यांनी रायफल हातात घेतली, खोबणीचं झाकण अंगठ्यानं उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "रायफल अधूरी है, बेहेरे." परेडवर ते हिंदी बोलत, बाहेर मालवणी. मालवणीत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. ते हिंदीतलं 'अधूरी' निशिकांतबरोबर सुएझमधून गेलं, पनामातून गेलं आणि शेवटी बुकित बातोकला येऊन राहिलं.

"अहो, बाटली हरवली होती ना?" उत्कर्षानं सुरुवातीलाच विचारलं होतं. "मग बाटली करून द्या की."

"नुसती बाटली कोण जमा करून घेतं? बाटली रायफलीबरोबर जमा होते."

उत्कर्षा चायना टाउनमधल्या एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. एका दाढेसाठी अख्खी कवळी करायला निघालेली माणसं तिनं पाहिली होती.

बाटली मिळाली सगळ्यात आधी. वेल्समध्ये एमरिस नावाचे एक गृहस्थ जुन्या रायफलींच्या धातूच्या भागांच्या नकला करतात असं निशिकांतला इंटरनेटवर कळलं. त्यानं सवयीप्रमाणे त्यांना ऑफिसच्या भाषेत चौकशीपत्र पाठवलं: माल कधी रवाना होईल, आणि माल मूळ कुठला याचा दाखला मिळेल का. उत्तर आलं की, मी एक्क्याऐंशी वर्षांचा आहे, तेव्हा 'कधी' याबद्दल नक्की सांगता येत नाही. माल मूळ आमच्या गॅरेजमधला. निशिकांतनं ते पत्र छापून फाइलला लावलं. पुरवठादार इतकं खरं बोलल्याचं त्याच्या कारकिर्दीत घडलं नव्हतं.

मग एकेक भाग जमू लागला. चामड्याचा पट्टा कानपूरहून. बुडाची पट्टी जयपूरच्या एका कारखान्यातून, जिथे नाटक-सिनेमासाठी ढाली-तलवारी ओततात. बोल्ट आणि त्याचं घर रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका लेथवर. सगळं जायचं सुबोधच्या पत्त्यावर. सुबोध मापं घ्यायचा, फोटो पाठवायचा, आणि सोबत एक ओळ. उत्कर्षाला एकदा नवऱ्याच्या फोनवर ओळ दिसली: 'माशी आली, पण एक पाय वाकडा आहे. घोडा अजून सापडत नाही.' माशी म्हणजे नळीच्या टोकाला नेम धरायची खूण आणि घोडा म्हणजे बोटानं ओढायचा चाप, हे तिला नंतर समजलं. तोवर दोन दिवस ती, सुबोधभावजींना आता कुणाला तरी दाखवायला हवं, अशा विचारात होती.

धातू रत्नागिरीला ठेवण्याचं कारण म्हणजे निशिकांत कायदा पाळणारा माणूस होता. कायदा पाळणारे पुष्कळ असतात. निशिकांत कायद्याला पत्र लिहून विचारणाऱ्यांतला. पहिलं लाकूड घरात आणायच्या आधी त्यानं संबंधित खात्याला चार जोडपत्रांसह विचारलं होतं, की घरात लाकडाची रायफल करायची झाल्यास काय करावं. दोन दिवसांत अतिशय सभ्य उत्तर आलं. बंदुकीसारखी दिसणारी वस्तू असेल तर आधी परवानगी घ्यावी. नुसतं लाकूड असेल तर कळवायची गरज नाही. दुसऱ्या कुणी यावर सुटकेचा श्वास सोडला असता. निशिकांतला तीन रात्री झोप लागली नाही. लाकूड नेमकं कुठल्या क्षणी बंदुकीसारखं दिसू लागतं?

शेवटी त्यानं स्वतःच नियम केला. थ्री-नॉट-थ्रीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, मागचा दस्ता आणि पुढची लांब पाळ. हे दोन तुकडे या घरात कधी एकत्र यायचे नाहीत. एक हॉलमध्ये असेल तर दुसरा बेडरूममध्ये. एकाला हात लावला की दुसरा कपाटात आणि कपाटाला किल्ली.

"सोवळं आहे आमच्याकडे," उत्कर्षा म्हणे. "आईंच्या वेळी लोणच्याच्या बरणीला होतं, आता याला आहे."

लाकूड अस्सल सागाचं होतं, एका मोडीत निघालेल्या जहाजाच्या जिन्याचा कठडा. ते तासायला जागा एकच, फ्लॅटबाहेरचा कॉमन कॉरिडॉर. दर शनिवारी सकाळी निशिकांत तिथे स्टुलावर बसून रंधा, कानस आणि पॉलिश पेपर घेऊन काम करी, आणि दर शनिवारी शेजारचे मिस्टर टॅन बाजाराची पिशवी घेऊन जाताना थांबत.

"क्रिकेट बॅट, आह?"

"येस, सॉर्ट ऑफ."

"सो लाँग स्टिल नॉट फिनिश."

नऊ वर्षांत दोघांचं यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही, आणि दोघांचाही समज असा की आपले शेजाऱ्यांशी फार चांगले संबंध आहेत.

घरात तिसरी होती अवनी, पंधरा वर्षांची. घरी मराठी कळे, पण उत्तर इंग्लिशमध्ये येई. तिच्या शाळेतही एनसीसी होती. देश वेगळा, गणवेश वेगळा, तीन अक्षरं मात्र तीच, त्यामुळे तिनं ती निवडली तेव्हा निशिकांतला आपणच काहीतरी वारसा दिल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात तिची मैत्रीण त्यात होती. अवनी डावखुरी. शाळेतल्या रायफली उजव्या हाताच्या, त्यामुळे तिचा डावा हात आधी पुढे जाई, मग तिला आठवे, मग उजवा. कवायतीत सगळ्यांचा आवाज 'खट्' असा यायचा आणि पाठोपाठ अवनीचा एकटीचा 'खट्'. ती ते फार मनावर घेत नसे, असं तिनं दोनदा न विचारता सांगितलं होतं.

या वर्षी ऑगस्टमध्ये सुबोधचा फोन आला. "निश्या, उस्ताद थकलेत रे. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली. मोतीबिंदूही वाढलाय, ऑपरेशन नको म्हणतात. मी परवा लांज्याला जाऊन आलो. दिवाळीनंतरचं काही खरं नाही. तुझं ते लाकूड पाठवायचं तर आता पाठव."

पुढची पाळ अजून व्हायची होती. दस्ता सोपा, दोन्ही बाजूंनी सारखा. पाळ अवघड. बोल्टचा दांडा ज्या बाजूनं मागे-पुढे होतो त्या बाजूचं लाकूड खाली उतरलेलं असतं, दुसऱ्या बाजूला भिंतीसारखं उंच. दोन पाळी त्यानं आधी फुकट घालवल्या होत्या, कारण मापं सुबोधच्या फोटोंवरून घेतली होती आणि सुबोध फूटपट्टी शेजारी ठेवायला विसरे. या वेळी त्यानं धोका पत्करला नाही. अमेरिकेतल्या एका निवृत्त शिक्षकानं काढलेलं पूर्ण आकाराचं ड्रॉइंग मिळवलं, मोठ्या कागदावर छापून आणलं आणि थेट लाकडावर चिकटवलं. कागद लाकडापेक्षा चार बोटं लांब होता. पुढच्या कामात अडकायला नको म्हणून त्यानं उजवीकडचा खालचा कोपरा कात्रीनं कापला. तुकडा टाकला नाही. तो काहीच टाकत नसे. पाठीमागे तारीख घालून फाइलला लावला.

पाच शनिवार आणि तीन रविवार. पाळ झाली तेव्हा ती अशी गुळगुळीत झाली होती की कॉरिडॉरमधला उजेड तिच्यावरून घसरून जाई. दस्ता कपाटात, कपाटाला किल्ली, आणि मग निशिकांतनं पाळ हॉलमध्ये आणली. अवनीनं गृहपाठावरून मान वर केली, हात पुढे केला आणि ती तोलून पाहिली.

"ए, धिस वन नाइस, लेह. माय हँड जस्ट गोज देअर."

निशिकांत प्रसन्न झाला. पोरीला लाकूडकाम कळतं, असं तो उत्कर्षाला म्हणाला.

चोआ चू कांगला राहणारा मंदार नावाचा एक तरुण मरीन इंजिनीअर सुट्टीला चिपळूणला निघाला होता. त्याच्याबरोबर लाकूड पाठवायचं ठरलं.

"काका, दोन्ही एकाच बॅगेत बसतात की," मंदार म्हणाला.

"दोन बॅगांत ने."

"मग माझे कपडे?"

"घरी जातोयस ना? घरी कपडे असतील."

दोन्ही बॅगांत निशिकांतनं तीन-तीन पानी पत्र ठेवलं: हे लाकूड कुठल्या जहाजाचं, कशासाठी, खात्याच्या पत्राची प्रत सोबत. ती पानं कुठल्याच विमानतळावर कुणी मागितली नाहीत. मंदारनं हे कळवलं तेव्हा निशिकांत जरा हिरमुसला.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी, सिंगापूरला अकरा आणि रत्नागिरीला साडेआठ वाजता, मुहूर्त लागला. सुबोधनं आदल्या दिवशीच उस्तादांना गाडीनं घरी आणून ठेवलं होतं. इकडे निशिकांतनं फोन टीव्हीला जोडला. उत्कर्षानं पोहे केले. अवनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. निशिकांत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टीव्हीसमोर खुर्चीत ताठ बसला होता, लग्नात मुलीकडचे बसतात तसा.

पडद्यावर सुबोधची ओसरी, खाली सतरंजी, सतरंजीवर सगळे भाग. एका बाजूला वेताच्या खुर्चीत उस्ताद. एवढे बारीक झाले होते की खुर्चीच त्यांना धरून बसली आहे असं वाटावं. निशिकांतनं नमस्कार केला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान हलवली.

दस्ता बसला. बुडाची पितळी पट्टी बसली. खोबणीत एमरिसची बाटली ठेवून सुबोधनं झाकण मिटलं तेव्हा सिंगापूरपर्यंत 'टक्' ऐकू आलं. निशिकांतनं उत्कर्षाकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मग सुबोध पाळ घेऊन सतरंजीवर वाकला आणि बराच वेळ त्याची फक्त पाठ दिसत राहिली.

"निश्या, बसत नाही रे."

"बसेल. घाई करू नको. आधी पुढचं कडं सैल कर."

"कडं सैलच आहे. बोल्टचा दांडा लाकडावर आपटतोय. जिथे उतार पाहिजे तिथे तू भिंत घातलीस, आणि जिथे भिंत पाहिजे तिथे उतार."

"तू उलटी धरलीयेस."

"सरळ धरून झाली, उलटी धरून झाली. आता डोक्यावर धरू?"

"थांब. तुझ्या फोनचा पुढचा कॅमेरा चालू आहे. त्यात डावं-उजवं बदलतं. मागचा लाव."

"कॅमेरा तुला बदलून दिसेल, मला कसा बदलेल? माझ्या तर हातात आहे ती."

तरी सुबोधनं मागचा कॅमेरा लावला. चित्र बदललं नाही. निशिकांत खुर्चीच्या कडेवर आला. "माझं लाकूड अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे, सुबोध. तुझा तो लेथवाला—"

"लेथवाल्याला काही बोलू नको. तुझ्या दोन पाळींच्या वेळीही त्यालाच बोलला होतास. आणि पाळी तुझ्या चुकल्या होत्या."

"फूटपट्टी तू ठेवली नव्हतीस."

"भाताच्या शेतात ठेवली असेल," सुबोध म्हणाला. या वर्षीची आठवण करून देऊन झाली.

"हकडे हाड," उस्ताद म्हणाले.

सुबोधनं पाळ त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी खाली पाहिलंही नाही. दोन्ही तळवे लाकडावरून टोकापर्यंत नेले, मागे आणले, उताराच्या जागी थांबले. मग डोळे मिटून ती उचलली आणि धरली. डाव्या खांद्याच्या रेषेत.

"बेहेरे."

"जी, उस्ताद." निशिकांत स्वतःच्या हॉलमध्ये उभा राहिला.

"तुम्हारी रायफल किस कंधे पे थी?"

"दाहिने, उस्ताद."

"ये बाएँ की है."

पोह्यांवरचं लिंबू तसंच राहिलं. निशिकांत बेडरूममध्ये गेला आणि फाइल घेऊन आला. पाठीमागे तारीख घातलेला कागदाचा चार बोटांचा तुकडा त्यानं काढला आणि उलटा केला. कापलेला छोटासा शंकू, शेजारी दोन वर्तुळं. खूण अमेरिकन पद्धतीची. वरून पाहिलेलं चित्र त्यानं कॉलेजात शिकलेल्या पद्धतीनं, खालून पाहिलेलं म्हणून वाचलं होतं. पाच शनिवार आणि तीन रविवार तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत, अतिशय अचूकपणे, आरशातली रायफल तासत होता.

"काय आहे ते?" उत्कर्षानं विचारलं.

"कोपरा."

"म्हणजे तो कोपरा? वीस वर्षं पोरांना सांगता तो?"

"तोच."

एकवीस वर्षांच्या संसारात असा क्षण बायकोच्या हाती क्वचित लागतो. उत्कर्षानं तो दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि खाली ठेवून दिला. त्याच्या बशीत आणखी एक चमचा पोहे वाढले.

"उस्ताद," निशिकांत टीव्हीला म्हणाला, "चूक झाली. मी दुसरी पाळ करतो. मार्चपर्यंत—"

"मार्च," उस्ताद म्हणाले. कुणीतरी त्यांना न पाहिलेल्या एखाद्या गावाचं नाव सांगितल्यासारखं.

सुबोध खाली बघत राहिला. उस्तादांनी पाळ मांडीवरच ठेवली आणि हात पुढे केला. "गिनती करो."

सुबोधनं जोडलेलं पुन्हा सुटं केलं आणि एकेक भाग त्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. माशी, घोडा, कडं, पट्टा, सळईची नळी, बोल्ट. ते प्रत्येक भाग बोटांत फिरवत, आकडा म्हणत आणि मांडीवर ठेवत. आवाज बारीक होता, पण आकड्यांच्या मधलं अंतर परेडवरचंच. सगळ्यात शेवटी दस्ता. त्यांनी अंगठ्यानं झाकण उघडलं, बाटली काढली, कानाजवळ नेऊन हलवली. आत तेल होतं. सुबोधनं शिलाई मशीनचं घातलं होतं. बाटली परत खोबणीत गेली.

"पुर्जे पूरे हैं."

"आणि रायफल, उस्ताद?" निशिकांतनं विचारलं. विचारायला नको होतं, पण त्याला राहवलं नाही. "तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, रायफल अधूरी है."

"मी म्हटलेलंय?" ते मालवणीवर उतरले. "मी सगळ्यांकाच म्हणा होतंय. म्हटल्याबिगर पोरां सांभाळनत नाय. अर्ध्या रायफलींच्यो बाटल्यो आधीपासूनच नव्हत्यो."

सुबोधनं डोळे मिटून घेतले. अडतीस वर्षांपूर्वीची ती निवड त्याच्या चेहऱ्यावरून एकदा चालत गेली.

उस्तादांची बोटं मांडीवरच्या भागांवरून फिरत होती. "तेवा रायफल होती, बाटली नव्हती," ते म्हणाले. "आता बाटली आसा." मग पाठ शक्य तेवढी ताठ करून, परेडच्या आवाजात, एकच शब्द: "जमा."

"म्हणजे चालली?" सुबोधनं विचारलं.

"जमा म्हटलंय मी," उस्ताद म्हणाले. "पेज हाड आता."

फोन बंद झाल्यावर टीव्हीच्या काळ्या काचेत निशिकांतला स्वतःचा पांढरा शर्ट दिसत राहिला, खिसा उजवीकडे गेलेला. रायफल परत झाली होती. ज्या 'अधूरी' शब्दासाठी ती परत करायची होती, तो शब्द त्याला एकट्याला मिळालेलाच नव्हता. मोसमी तापासारखा तो सगळ्या तुकडीला वाटला गेला होता. आणि जी परत झाली ती रायफल तर नव्हतीच. यातल्या कशाचं वाईट वाटून घ्यावं हे त्याला ठरवता येईना. म्हणून त्यानं पोहे खाल्ले. ते गार झाले होते.

"बाबा," अवनी म्हणाली. ती अजून पाय वर घेऊनच बसली होती. "दॅट वन इज लेफ्टी, राइट? लाइक मी."

"हो."

"सो हू यू कॉपी फ्रॉम?"

"कुणाचीच नाही. डाव्या हाताची थ्री-नॉट-थ्री माझ्या माहितीत कधी कुणी केलेली नाही. अख्ख्या जगात तिचा एकही भाग मिळणार नाही."

अवनीनं विचार केला. "देन नॉट रिप्रॉडक्शन, वॉट. ओरिजिनल."

निशिकांतला आयुष्यात कुणी इतकं टाकून बोललं नव्हतं. तो उठला, बशी सिंकमध्ये ठेवली, पाणी सोडलं आणि तिथेच उभा राहिला. खिडकीबाहेर कुणाच्या तरी बांबूवर वाळत घातलेले कपडे हलत होते. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या भागांना जुळणारे भाग शोधत होता. ज्याच्याशी जुळवायला काहीच नाही, असं लाकूड आता लांज्याच्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर होतं, आणि ते त्या म्हाताऱ्यानं जमाही करून घेतलं होतं.

दुपारी तो डायनिंग टेबलवर कोरा कागद घेऊन बसला. लॅपटॉपवर एमरिसना लिहायचं चौकशीपत्र उघडं होतं. बोल्ट, एक नग, डाव्या हाताचा. पुढे नेहमीचा रकाना होता: मूळ नमुना कुठला. तो रकाना त्यानं तसाच सोडला.

उत्कर्षा चहा घेऊन आली आणि मागून डोकावली. "आता किती वर्षं?"

"एमरिस नव्वदीला आलेत," तो म्हणाला. "घाई करावी लागेल."

कागदावर बोल्टची पहिली रेघ मारायच्या आधी त्यानं उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात पट्टी धरून एक छोटासा कापलेला शंकू काढला आणि शेजारी दोन वर्तुळं. ती खोडली, पुन्हा काढली. मग हाक मारली.

"अवनी, जरा हात दे. दांड्याचं माप घ्यायचंय."

"बट कॅनॉट कीप हिअर, राइट?"

"नाही. ती तिकडेच राहील. हात इकडचा."

"विच वन?"

"डावा," निशिकांत म्हणाला. तरी खात्री करून घ्यायला त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाच्या कोपऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.